दोन मैलांच्या आत

"धूर दिसायला हवा," डंकननं सकाळी जाताना आईला बजावलं होतं. "मामा टेकडी चढून आला, की त्याला आधी धूर दिसला पाहिजे."

इझबेलनं लोखंडी चुलीत ज्युनिपरचं आणखी एक लाकूड सारलं आणि दारात येऊन उभी राहिली. वाळुंजझऱ्याच्या दोन्ही काठांना गवत घोट्यापर्यंत आलं होतं. दक्षिणेकडे, दोन मैलांवर डंकननं ठोकलेल्या खुंट्यांच्या पलीकडे, धुळीचा एक मळकट पट्टा जमिनीलगत पसरला होता. धाकट्या मुलाचा, कॉलिनचा कळप. गेली कित्येक वर्षं मे महिन्यात तो कळप याच झऱ्यावर येऊन एक रात्र काढायचा आणि मग डोंगराकडे चढायचा. तिचा नवरा ह्यू जिवंत होता तोवर तोही कुरकुरायचा, धाकट्याला शिव्या द्यायचा, पण वाट अडवायचा नाही. ह्यूला जाऊन आता सहा-सात महिने झाले होते.

हे घर इथलं नव्हतंच. ह्यूनं लग्नानंतर खाली खोऱ्यात बांधलेली ही पहिली खोली. दोन्ही मुलं इथेच जन्मली. मोठं घर झाल्यावर खोलीत खोगिरं ठेवायला लागले. या हिवाळ्यात डंकननं तिच्याखाली ओंडके सारले, घोडे जुंपले आणि बर्फावरून ओढत ती थेट झऱ्यावर आणून ठेवली. आमच्याकडे गुरंवाल्यांनी तेव्हा बऱ्याच ठिकाणी हेच केलं होतं, कारण आयडाहोचा कायदा साधा होता: कुणाच्या राहत्या घरापासून दोन मैलांच्या आत मेंढ्या चारायच्या नाहीत. गुरांबद्दल कायद्यात काही नव्हतं. तेव्हा जिथे गवत आणि पाणी चांगलं, तिथे घर न्यायचं. फक्त ते राहतं हवं. म्हणून डंकननं आईला विचारलं, राहशील का?

त्याला वाटलं होतं आई कांकू करेल. ती दुसऱ्या दिवशी ट्रंक भरून तयार होती.

"आई, बाजूला व्हा, कढई गरम आहे," मागून हॅरिएट म्हणाली. डंकनची बायको सकाळपासून इथेच राबत होती, कारण डंकननं कॉलिनविरुद्ध केलेल्या तक्रारीचा निकाल आज इझबेलचा भाऊ, मॅजिस्ट्रेट आर्ची, इथेच येऊन देणार होता. दोन पिंपांवर फळी टाकून तिनं टेबल केलं होतं. घेवडा, गोमांसाचा मोठा तुकडा, सोड्याच्या गरम रोट्या, ॲपल पाय, तोही सुक्या सफरचंदांचा. "निकाल काहीही लागो, माणसं जेवून जातील. कुणी म्हणायला नको की मोठ्या सुनेनं उपाशी पाठवलं."

"निकाल काय लागायचाय," इझबेल म्हणाली. "मी इथे राहते. दिसतंय की सगळ्यांना."

हॅरिएटनं सासूकडे वळून पाहिलं. पंधरा वर्षं दोघी एका स्वयंपाकघरात वावरल्या होत्या. सासूच्या आवाजात असं सुख तिनं कधी ऐकलं नव्हतं. ऐकून तिला बरं वाटलं नाही.

*

कॉलिन चालत आला. कळप खुंट्यांच्या बाहेर बायकोकडे आणि कुत्र्यांकडे सोपवून आला होता. गाडीजवळ डंकन घोड्यांचे पट्टे सोडत होता. मोजणीची गाडी अजून तशीच उभी होती. एका मागच्या चाकाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी वर आली की एक फेरा.

"खुंट्या छान सरळ ठोकल्यास," कॉलिन म्हणाला. "कुंपण घालताना बाबा ओरडून थकले, तेव्हा एक सरळ लागत नव्हती."

"मोजलं मामानं. मी नाही."

"चाक तुझं, चिंधी तुझी, घोडे तुझे. मामा नुसता वर बसून फेरे मोजत होता. डुलकी नाही ना लागली त्याला?"

डंकनला हसू आलं. ते त्यानं मिशीत ठेवलं. धाकटा वाळला होता. गालांची हाडं वर आली होती.

"एक रात्र दे, डंकन," कॉलिन म्हणाला.

"कायदा माझा नाही."

"घर तुझं आहे. तू तक्रार मागे घेतलीस तर मामाला काय पडलंय? एक रात्र. सकाळी पोट भरलं, की मी पठारावरून पलीकडच्या ओढ्याला जातो. पुढच्या वर्षी इथे येणार नाही, हवं तर सगळ्यांसमोर सांगतो."

"पठारावरून जायचंच आहे ना? मग आजच जा. तिथे हिरवं आहे. माझी गुरं एप्रिलभर तिथेच होती."

"तेच तर," कॉलिन म्हणाला आणि वाकून त्यानं पायाजवळची गवताची काडी उपटली. सवयीनंच. बोटांत फिरवून टाकून दिली. "ते हिरवं गवताचं नाही. यंदा पठारभर विषकांदा आलाय. परवा मी जाऊन पाहिलं. पावलागणिक."

डंकन दुसऱ्या घोड्याच्या पट्ट्याकडे वळला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर डंकन आहे त्याहून वाईट वाटेल. विषकांदा गवताच्या आधी उगवतो. फूल येईपर्यंत तो गवतासारखाच दिसतो. गुरं त्यातून चरत जातात, थोडा पोटात गेला तरी मोठ्या जनावराला सहसा काही होत नाही. त्यामुळे गुरंवाल्याला तो ओळखायची कधी गरजच पडत नाही. मेंढीला मूठभर पुरतो. पण मेंढीही मूर्ख नसते. पोट भरलेली मेंढी निवडून खाते, नको ते सोडून पुढे जाते. उपाशी मेंढी निवडत नाही.

"खालचं वाळवंट यंदा करपलंय," कॉलिन म्हणाला. "तीन दिवस पोटाला नीट काही नाही. पिलांना पाजणाऱ्या आया आहेत त्या. तशाच पठारावर घातल्या तर मरतील. आईची शपथ, डंकन."

"मग परत फिर."

"मागे पाणी नाही."

डंकननं पट्टा खांद्यावर टाकला. त्याला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. परक्या कळपांनी झऱ्याचे काठ मुळापर्यंत कुरतडले होते, वासरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. दक्षिणेला आत्ताही तसेच परके कळप थांबलेले होते, त्याला ठाऊक होतं. आपल्या, किनेअर्डांच्या घरात काय होतं त्याकडे त्यांचे डोळे होते. आज भावाला एक रात्र दिली, तर उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्याला नाही म्हणणार? आणि मेंढीवाल्यांची मेंढी दर वसंतात मरायला टेकलेली असते. रडगाणं ठरलेलं.

"मामाला सांग मग," तो म्हणाला.

"तू सांग. मी सांगितलं तर तुला वाटतंय तेच मामाला वाटेल. तुझ्या तोंडून आलं तर तो ऐकेल. आणि आईसमोर नको. तिला तुझ्यामाझ्यात निवडायला लावायचं नाही. आयुष्यभर मनाला लावून घेईल ती."

"बघतो," डंकन म्हणाला.

कॉलिननं ते हो म्हणून घेतलं. त्याच्या खांद्यांतलं ओझं उतरलेलं डंकनला स्पष्ट दिसलं.

*

आर्चीमामा आले ते धापा टाकत. खोऱ्यात मॅजिस्ट्रेट म्हणून त्यांना सगळे वचकत, घरात त्यांना वचकणारं कुणी नव्हतं.

"धूर दिसला हो, दिसला," दारातूनच ते म्हणाले. "अर्ध्या परगण्याला दिसला असेल. इझबेल, तू स्वयंपाक करतेयस का घर जाळतेयस?"

"बस आधी. गुडघे कसे आहेत?"

"माझे नाहीत ते आता. दुसऱ्या कुणाचे तरी लावलेत."

कॉलिनची बायको नोरा सगळ्यांत शेवटी आली. कळपाजवळ कुत्री ठेवून ती घोड्यावरून आली होती. तिनं झऱ्यावर हात धुतले, तरी टेबलाशी बसताना हॅरिएटनं खिडकी थोडी उघडली.

"वारा घेते जरा," हॅरिएट म्हणाली. "चुलीचं फार होतंय."

"चुलीचं नाही वहिनी, माझंच," नोरा म्हणाली. "तीन महिने कोकरांत झोपतेय. अंगाला आता लोकर फुटायची तेवढी बाकी आहे."

आर्चीमामा मोठ्यानं हसले. हॅरिएटही हसली, आणि ताटात मांसाचा चांगला तुकडा आधी नोराला वाढला. ते नोराच्या लक्षात आलं. ती डंकनकडे पाहत होती. झऱ्यावर कॉलिननं तिला घाईघाईनं सांगितलं होतं: सांगितलंय त्याला, तो मामांशी बोलणार आहे. तू तोंड उघडू नकोस.

जेवण झालं. ॲपल पाय संपला. आर्चीमामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"हे बघा," ते म्हणाले, "मी तुमचा मामा आहे हे मला विसरता येत नाही, पण थोडा वेळ विसरायचा प्रयत्न करतो. अंतर मी स्वतः मोजलंय. झऱ्याचं सगळं गवत दोन मैलांच्या आत येतं. त्याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की हे राहतं घर आहे का. खोगिरं ठेवायची खोली ओढून आणली आणि धूर काढला, तर मी ते घर मानणार नाही. असली तीन धुराडी यंदा मी मोडीत काढलीत. इझबेल, तुला विचारतो. इथे खरंच राहतेस, का डंकननं बसवलंय म्हणून बसलीयस?"

इझबेलनं हात मांडीवर घेतले.

सगळ्यांना वाटलं ती धाकट्याकडे पाहील. ती छताकडे पाहत होती. तिथल्या तुळईवर ह्यूच्या कुऱ्हाडीचे घाव अजून होते.

"खरं सांगू का आर्ची," ती म्हणाली. "डंकननं विचारलं तेव्हा मला कळत होतं तो का विचारतोय. मी काही बावळट नाही. पण इथे आले आणि पहिल्या सकाळी स्वतःचा चहा स्वतःच्या वेळेला केला. हॅरिएट, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या घरात मला काही कमी नव्हतं. पण चहाची वेळ तुझी होती." तिनं पुन्हा तुळईकडे पाहिलं. "मी इथे राहते. मरेन तर इथेच मरेन. हे राहतं घर आहे."

हॅरिएट कढई घासायला उठली. पाठमोरी.

"बरं," आर्चीमामा म्हणाले. ते उगीच खोकले. "मग निकाल लागल्यात जमा आहे. तरी कायदा कुणाचा जीव घ्यायला नसतो. एखाद्या रात्रीची मुभा देण्याइतका अधिकार मला आहे, कारण असेल तर. कारण आहे का काही? डंकन? कॉलिन?"

कॉलिननं मोठ्या भावाकडे पाहिलं.

डंकन कप फिरवत होता. कपात काही नव्हतं. त्याला शब्द जवळ आलेले जाणवत होते, आणि त्याच वेळी दक्षिणेचे ते कळपही. मामांनी मुभा दिली, असं एकदा पसरलं की खुंट्यांना काही अर्थ राहणार नव्हता. आणि धाकटा लहानपणापासून वाढवूनच सांगतो. पावलागणिक म्हणजे असतील चार रोपं.

"सांग ना," नोरा हलकेच म्हणाली. ती कॉलिनला म्हणत होती.

"ज्याला सांगायचं त्याला सांगितलंय."

"काय सांगायचंय?" इझबेलनं विचारलं. "काय रे, कॉलिन?"

"काही नाही, आई," डंकन म्हणाला. "पठारावरून वळसा पडतो, ते त्याच्या जिवावर आलंय."

चूल तडतडली. नोरानं ओठ उघडले, तसा कॉलिननं तिच्या मनगटावर हात ठेवला. मग त्यानं खुर्चीच्या पाठीवरची टोपी घेतली.

"एवढंच होय," इझबेल म्हणाली. तिला हायसं वाटलं. "अरे, वळसा काय, दुपारपर्यंत पोचशील. पठार हिरवंगार दिसतंय की इथून."

"हो आई," कॉलिन म्हणाला. "दिसतं खरं." तो वाकला, तिच्या केसांना गाल टेकवला आणि बाहेर पडला.

खुंट्यांपाशी नोरानं घोडा त्याच्या आडवा घातला.

"मी परत जाते. मी सांगते मामांना."

"आणि आईनं विचारलं, डंकन खोटं का बोलला, तर?"

"तर खरं सांगायचं!"

"भीक एकदा मागितली, नोरा. त्याच्या ताटात जेवत असताना दुसऱ्यांदा मागणार नाही."

"भीक तुझ्यासाठी नव्हती मागायची. त्यांच्यासाठी होती." तिनं कळपाकडे हात केला. आया माना खाली घालून मातीच हुंगत होत्या.

कॉलिन कळपाकडे चालू लागला. पुढे कित्येक वर्षं नोरा त्याला याच जागेबद्दल बोलत राहिली, आणि त्यानं कधीच उत्तर दिलं नाही.

*

सकाळी त्यांनी कळप पठारावर घातला. युक्ती एकच होती: थांबू द्यायचं नाही. कॉलिन मागून, कुत्री दोन्ही बाजूंनी, नोरा पुढे म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यातली घंटा वाजवत. पण कोकरं लहान होती. पळवलं की कोकरं मागे पडत, कोकरं मागे पडली की आया वळत, आणि वळल्या की प्रत्येकीचं तोंड खाली जाई. नोरा काठीनं, टोपीनं, हातांनी मारत सुटली. एकीच्या तोंडातून तिनं पानं ओढून काढली तोवर आजूबाजूच्या दहा खात होत्या. मेंढ्यांना कित्येक दिवसांनी हिरवं दिसलं होतं. त्या आनंदानं खात होत्या.

दुपारी ओढ्यावर पोचले. पाणी प्यायल्या. नोराला क्षणभर वाटलं, वाचलो.

मग काठावरच्या एका म्हाताऱ्या मेंढीनं डोकं खाली टाकलं. तोंडाला फेस आला. ती दोन पावलं चालली, मागचे पाय वेगळ्याच दिशेला गेले. मग तिच्या पलीकडची. मग जागोजाग. ओरडत नव्हत्या. मेंढी अशा वेळी ओरडत नाही, नुसती आडवी होऊन श्वास घेत राहते.

"हलवू नको कुणाला," कॉलिन म्हणाला. "हलवलं की लवकर जातात." आणि तो त्यांच्या मधोमध जमिनीवर बसला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कोकरं पडलेल्या आयांना ढुशा देत होती. तीच काय ती आवाज करत होती.

नोरानं जी कोकरं उचलता आली ती त्यांच्या सामानाच्या गाडीत भरली. आया गेलेल्यांना दूध हवं होतं, आणि दूध दुभत्या गायींपाशी होतं.

*

इझबेलनं दार उघडलं तेव्हा नोराच्या दोन्ही काखांत कोकरं होती.

"अगं, हे काय? मेंढ्या इथे..."

"चरत नाहीत, आई. चरायला येत नाही अजून त्यांना. दूध द्या."

इझबेलनं सकाळचं दूध कोमट केलं, चिंधी बुडवून एकेकाच्या तोंडात धरली. नोरा गाडीतून आणतच होती. जमीन भरली, ट्रंक भरली, पलंगाखालची जागा भरली. आणता आणता नोरानं सांगितलं. रडत नव्हती. किराणा आणायला सांगावा तसं सांगितलं.

"किती राहतील?" इझबेलनं विचारलं.

"ज्या अगदी पुढे होत्या त्या. मागे न वळता घंटेमागून गेलेल्या थोड्या. बाकी कळप गेला."

"पण हे कुणाला माहीत होतं का? आधी?"

नोरा चिंधी पिळत होती. "काल दुपारी भाऊजींना सांगितलं होतं त्यानं. जेवणाआधी. गाडीपाशी."

इझबेल खाली बसली. हिरवंगार दिसतंय की इथून. आपलाच आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

बाहेर घोडा थांबला. डंकन रोज या वेळी दुधाची बरणी घेऊन यायचा. तो दारात आला आणि थबकला. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं नोराकडे पाहिलं आणि त्याला कळलं. हातातली बरणी त्यानं हळूच उंबऱ्यावर ठेवली.

"सगळ्या?" त्यानं विचारलं.

नोरानं पुढच्या कोकराच्या तोंडात चिंधी धरली.

"आई, मला वाटलं तो नेहमीसारखं... मला तो कांदा ओळखूही येत नाही, आई."

"तुला ओळखायची गरज नव्हती," इझबेल म्हणाली. "तुला नुसतं सांगायचं होतं. मी विचारलं होतं, डंकन. काय सांगायचंय, म्हणून मी विचारलं होतं."

"मी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

तिनं हातातली चिंधी दुधाच्या भांड्यात टाकली. "ते आता मला कधीच कळणार नाही. तेवढंही तू ठेवलं नाहीस."

ती उठली. खुंटीवरची शाल घेतली. चुलीवरची किटली उचलली, चुलीचं झाकण सरकवलं आणि किटलीतलं सगळं पाणी आत ओतलं. वाफ आणि राख खोलीभर झाली. कोकरं शिंकली.

"मामाला निरोप दे," ती म्हणाली. "इथे कुणी राहत नाही."

"आई, आता त्याचा काय..." तो थांबला.

"बोल की. आता काय उपयोग. मेंढ्याच नाहीत." तिनं शाल डोक्यावरून घेतली. "चल, नोरा. तो एकटा बसलाय तिथे."

"मी गाडी हाकतो, आई. ऊन उतरलंय. गार पडेल."

"नोरा हाकेल," ती म्हणाली. त्याच्या बाजूनं जाताना तिची शाल त्याच्या हाताला लागली. ती थांबली नाही.

गाडीचा आवाज विरेपर्यंत डंकन तसाच उभा होता. मग खोली गार व्हायला लागली. मेमध्ये आमच्याकडे ऊन कललं की बर्फावरचं वारं उतरतं. कोकरं एकमेकांत घुसायला लागली. दाराशी होतं ते सगळ्यांत लहान, ओलं, ते थरथरत होतं. त्यानं डंकनच्या बुटाला ढुशी दिली आणि कातडं चोखायला लागलं.

गाडी पठाराच्या पलीकडच्या कडेला पोचली तेव्हा नोरानं मागे पाहिलं.

"आई," ती म्हणाली.

इझबेलनंही मान वळवली. झऱ्यावरच्या धुराड्यातून धूर निघत होता. आधी काळपट, ओल्या राखेचा. मग पांढरा, सरळ. दोन मैलांवरून नीट दिसत होता.

"पेटवली त्यानं," नोरा म्हणाली.

"त्याशिवाय मरतील ती," इझबेल म्हणाली, आणि तोंड फिरवून पुढे पाहू लागली. पुढे ओढ्याकाठी कॉलिन बसलेला दिसत होता, आणि त्याच्याभोवती, जिथे जिथे मेंढ्या पडल्या होत्या, तिथे तिथे जमीन पांढरी होती.